रॅक सैल, ब्रेक मेलेला: दोष हाताचा, बॉलचा की कापडाचा?

लक्षण आधी सांगतो. पूलच्या टेबलावर रॅक लावायचा होता: पंधरा बॉल ट्रँगलमध्ये (तिकोनी चौकटीत) भरले, मागून बोटांनी दाबले, ट्रँगल उचलला, आणि सगळ्यात पुढचा बॉल निवांतपणे अर्धा सेंटीमीटर पुढे जाऊन थांबला. पुन्हा लावलं. आता पुढचा जागेवर, पण तिसऱ्या ओळीत फट. तिसऱ्यांदा लावेपर्यंत समोरचा क्यूवर, म्हणजे खेळायच्या काठीवर, हनुवटी टेकवून विचारतो, "काका, खेळायचंय ना आज?" शेवटी कंटाळून तसाच ब्रेक, म्हणजे डावाचा पहिला फटका, मारायचा. पांढरा बॉल धाडकन आदळतो आणि अख्खा घोळका थोडा कूस बदलून तिथेच बसतो.

ठाण्यातल्या आमच्या सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये आठ फुटी टेबल आहे, त्यावर हे दीड वर्ष चाललं होतं. विषय कमिटीच्या मीटिंगमध्ये गेला. टेबल बघायला आलेल्या एका माणसानं "स्लेट गेलीय, नवीनच घ्या" म्हणत कोटेशनही ठेवलं. स्लेटला, म्हणजे कापडाखालच्या दगडी फरशीला, काहीही झालेलं नव्हतं. निघाली ती तीन वेगवेगळी दुखणी, आणि त्यांतलं प्रत्येक दुसऱ्याला झाकत होतं. एक बरं केलं तरी फरक दिसायचा नाही. म्हणून पहिल्याच दिवशी साबण, इस्त्री आणि नवा ट्रँगल घेऊन टेबलावर तुटून पडू नका. आधी फट नेमकी कुणाची आहे ते शोधा.

फट दिसते कशी, हे आधी. उभ्यानं वरून बघून काही कळत नाही. गुडघ्यावर बसा, डोळा बॉलच्या उंचीला आणा आणि पलीकडून कुणाला तरी मोबाईलचा टॉर्च धरायला सांगा. शेजारच्या दोन बॉलच्या मध्ये वरच्या बाजूला आणि खालच्या बाजूला उजेड दिसणारच, गोल वस्तू आहेत. बरोबर मधोमध, जिथे ते टेकतात, तिथे उजेड तुटला पाहिजे. वरचा आणि खालचा उजेड एका बारीक रेघेनं जोडलेला दिसला की फट आहे, मग ती कागदाएवढी का असेना. कागदाएवढ्या फटीनंही ब्रेकचा जीव जातो. बॉल एकमेकांना टेकलेले असले तर धक्का अख्ख्या घोळक्यातून एका दमात पार होतो. फटी असल्या की पहिला दुसऱ्यावर, दुसरा तिसऱ्यावर अशी वेगवेगळी धडक होते आणि मागच्या ओळीपर्यंत जोरच पोचत नाही.

आता चाचणी. रॅक लावा, फटी कुठे आहेत त्याचा फोटो काढा. सगळे बॉल काढा, टेबलावर घुसळा, पुन्हा लावा. असं पाच वेळा. नंबर दर वेळी वेगळे पण फट त्याच जागी, तर दोष कापडाचा किंवा टेबलाचा. फट एखाद्या ठरावीक नंबरच्या मागे मागे फिरतेय, तर दोष बॉलचा. दर वेळी नवीनच ठिकाणी, कधी आहे कधी नाही, तर ट्रँगल किंवा हात. आमच्याकडे पाच फोटोंत स्पॉटवर, म्हणजे टोकाचा बॉल ठेवायच्या खुणेवर, फट पाचही वेळा होती, आणि तेरा नंबर जिथे जाईल तिथे आणखी एक. म्हणजे दोन दोष तर उघडच दिसले. तिसरा नंतर हाती लागला.

तेरा नंबरची गोष्ट सांगण्यासारखी आहे. आमचा मूळ तेरा कधीतरी खिडकीतून खाली गेला (कसा, हे सोसायटीतली मुलं अजून सांगत नाहीत). मग कुणीतरी स्पोर्ट्सच्या दुकानातून सुटा आणला. त्याच्या पट्ट्याचा नारिंगी जरा उजळ, म्हणून सगळ्यांनी त्यालाच धारेवर धरलं: हाच नकली, हाच लहान-मोठा. चौथ्या मजल्यावरच्या एका इंजिनिअरकडून व्हर्निअर (बारीक मापं घ्यायचं उपकरण) आणला. पूलच्या बॉलचा ठरलेला व्यास ५७.१५ मिलीमीटर, म्हणजे सव्वादोन इंच, आणि त्यात फरक चालतो तो फक्त ०.१२७ मिलीमीटर इतका, वर किंवा खाली. तेरा मोजला: ५७.१५. चोख. मग बाकीचे मोजले. एकेक बॉल ५६.८, ५६.९. नकली ठरवलेला बॉल तेवढा खरा होता, आणि बाकी अख्खा सेट वर्षानुवर्षं झिजून बारीक झालेला. स्वस्तातले पॉलिएस्टरचे बॉल असे झिजतात. फेनॉलिक रेझिनचे कितीतरी जास्त टिकतात, आणि म्हणूनच महागही असतात.

व्हर्निअर नसेल तर स्वयंपाकघरातला ग्रॅनाइटचा ओटा चालतो. संशयित बॉल मध्ये, दोन्ही बाजूंना दुसरे दोन, अशी ओळ लावा. घरंगळू नयेत म्हणून ओळीच्या दोन्ही अंगांना जाड पुस्तकं टेकवा. वर स्टीलची सरळ पट्टी आडवी ठेवा. मधला मोठा असेल तर पट्टी सी-सॉसारखी डुलते, लहान असेल तर त्याच्या डोक्यावर उजेडाची रेघ दिसते. मग जागा बदलून पुन्हा बघा, कारण कडेच्या दोघांतलाही एखादा उलट्या खोडीचा असू शकतो.

एकच बॉल वेगळा असेल आणि सेट लगेच बदलता येत नसेल, तर तात्पुरता उपाय आहे. पंधरा बॉलच्या त्रिकोणात कोपऱ्यातला बॉल फक्त दोघांना टेकतो, कडेचा चौघांना, आणि पोटातले तीन प्रत्येकी सहा जणांना. म्हणजे वेगळा बॉल पोटात गेला तर सहा ठिकाणी घोटाळा, मागच्या कोपऱ्यात गेला तर दोनच. एट बॉलमध्ये मागच्या दोन कोपऱ्यांपैकी एकात सॉलिड (एकरंगी) आणि दुसऱ्यात स्ट्राइप (पट्ट्याचा) हवाच असतो, तेव्हा आमचा तेरा वर्षभर तिथला कायमचा भाडेकरू होता. स्पर्धेत बॉल असे ठरवून ठेवणं चालत नाही. आपल्या घरच्या खेळात समोरच्याला सांगून ठेवलं म्हणजे झालं. पुढच्या टोकालाही दोनच शेजारी असतात, पण तिथे वेगळा बॉल ठेवू नका, पांढऱ्याचा अख्खा घाव त्याच्यावर पडतो.

आता स्पॉट. कापडावर रॅकच्या जागी, तिरप्या उजेडात बघितलं तर बारीक खळगे दिसतील. आमच्याकडे ते मुलांनी तयार केले होते. पुढचा बॉल हलतो म्हटल्यावर वरून दुसऱ्या बॉलनं टकटक ठोकायचं, की तो कापडात बसतो आणि हलत नाही. त्या वेळेपुरतं काम होतं. पण उद्या रॅक एक मिलीमीटर इकडेतिकडे लागला की बॉल त्या जुन्या खळग्याच्या उतारावर येतो आणि घरंगळतो. मग पुन्हा ठोका, पुन्हा नवीन खळगा. आमच्या स्पॉटभोवती असे इतके खळगे झाले होते की बोट फिरवलं तर जाणवायचे. शिवाय जोरदार ब्रेकच्या घर्षणानं कापडावर चट्टे पडतात, तिथे वीण पातळ होते.

उपाय कापड कुठलं त्यावर. आपल्याकडे पुष्कळ पूल टेबलांवर स्नूकरचं लव असलेलं लोकरी कापड लावलेलं असतं. त्यावरचे उथळ खळगे ब्रश केल्यावर, किंचित दमट फडकं मध्ये ठेवून कोमट इस्त्री हलकेच टेकवली तर बरेच वर येतात. गुळगुळीत, विणीचं, पूलसाठीच बनलेलं कापड असेल तर इस्त्री लांब ठेवा. खोल खळगे कशानंच जात नाहीत. त्यावर स्पॉटचं पातळ स्टिकर नवीन लावा. आधीचं स्टिकर नखानं सावकाश काढा, त्यावरच दुसरं चढवू नका, नाहीतर बॉल टेकडीवर बसवल्यासारखा होतो. आमच्याकडे तीन स्टिकरं एकावर एक होती! आणि स्टिकर लावताना जागा मोजा. टेबलाच्या लाकडी कडेवर खुणा असतात. स्पॉट म्हणजे रॅकच्या टोकाकडून लांब बाजूच्या दुसऱ्या खुणांना जोडणारी रेघ आणि आखूड बाजूच्या मधल्या खुणांना जोडणारी रेघ जिथे छेदतात ती जागा. नऊ फुटी टेबलावर ती मागच्या गादीच्या (कडेच्या रबरी पट्टीच्या) टोकापासून २५ इंचांवर येते, कारण खेळायची जागा १०० बाय ५० इंच असते. आठ फुटी टेबलं सगळी एका मापाची नसतात. आपलं टेबल मोजा आणि लांबीचा चौथा भाग घ्या.

स्टिकर बदलूनही पुढचा बॉल एकाच दिशेला जात असेल तर टेबल कललंय. गवंड्याची पाणसळ स्पॉटपाशी आडवी आणि उभी, दोन्ही बाजूंनी ठेवून बघा. मोबाईलमधल्या लेव्हलवर फार विश्वास नको, मागचा कॅमेरा वर आलेला असतो. बहुतेक टेबलांच्या पायांना पेच असतात. नसतील तर पायाखाली एकेक पत्ता सारत जायचं, पत्त्यांच्या जुन्या कॅटचा याहून चांगला उपयोग मला माहीत नाही.

तिसरा दोष ट्रँगलचा. आमचा प्लॅस्टिकचा, बाजू दाबली की आत वाकायचा. बोटांनी मागून दाबताना तो पसरतो, बोटं काढली की मूळ आकाराला येताना कडेच्या बॉलना ढकलतो. लाकडी असेल तर पावसाळ्यात सांधे फुगतात नाहीतर उघडतात. हात फिरवून बघा, कोपरा डुगडुगतोय का. आणि एक हमखास घोटाळा: जिथे पूल आणि स्नूकर दोन्ही टेबलं आहेत तिथे दोन्ही ट्रँगल एकाच खुंटीला लटकलेले असतात. स्नूकरचा बॉल ५२.५ मिलीमीटरचा. पूलचे पंधरा त्या ट्रँगलमध्ये मावतच नाहीत, ते लगेच कळतं. पण स्नूकरचे लाल पूलच्या ट्रँगलमध्ये ऐसपैस मावतात, आणि मग कुणाला कळत नाही की पिरॅमिड सैल का. लाल-पिवळ्या बॉलच्या छोट्या टेबलांवर तर हे सर्रास चालतं, कारण ते बॉल दोन इंचांचे आणि ट्रँगल सव्वादोन इंचांच्या सेटमधला.

हाताची पद्धत. ट्रँगल स्पॉटच्या थोडा मागे ठेवून बॉल भरा, मग पुढे-मागे एकदोनदा सरकवून झटक्यानं स्पॉटवर थांबवा. मागच्या ओळीमागे दोन्ही हातांची बोटं अशी घाला की पाचही बॉलना दाब मिळेल, नुसते मधले तीन दाबून भागत नाही. दाब पुढच्या टोकाकडे. मग बोटं एकदम नव्हे, सावकाश काढा. ट्रँगल कुठल्याच बॉलला टेकणार नाही असा आणा आणि सरळ वर उचला. बहुतेकांचं इथेच चुकतं: उचलताना ट्रँगलची मागची बाजू शेवटच्या ओळीला निसटती लागते आणि कष्टावर पाणी.

कुठला बॉल कुठे, यावरूनही भांडणं होतात, म्हणून थोडक्यात. एट बॉलला टोकाचा बॉल स्पॉटवर, आठ तिसऱ्या ओळीच्या मधोमध, मागचे कोपरे एक सॉलिड एक स्ट्राइप, बाकी कसेही. एकाआड एक सॉलिड-स्ट्राइप लावायचा नियम नाही, तो आपल्याकडच्या शिस्तप्रिय काकांनी काढलाय. लाल-पिवळ्यात मात्र काळा स्वतः स्पॉटवर असतो, म्हणजे टोकाचा बॉल स्पॉटच्या दोन ओळी पुढे जातो, दोन इंची बॉलला साधारण ८८ मिलीमीटर. एका खेळाची सवय दुसऱ्यात नेली की रॅक तेवढा मागे-पुढे लागतो आणि जुन्या खळग्यांवर बरोबर जाऊन बसतो. स्नूकरवाल्यांची आणखी वेगळी खोड. तिथे गुलाबी आपल्या स्पॉटवर आणि टोकाचा लाल त्याच्या शक्य तितका जवळ, पण न टेकता. १८७५ मध्ये जबलपूरच्या मेसमध्ये तो खेळ सुरू झाला तेव्हापासूनची सवय असावी, आमचे एक स्नूकरवाले पूलचा रॅकही स्पॉटपासून केसभर मागेच लावतात. यापेक्षा बिलियर्ड्स बरं. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ मध्ये जगज्जेते झाले ते तीन बॉलच्या खेळात, रॅकची कटकटच नाही.

नाइन बॉलला सगळ्यात जास्त त्रास होतो, कारण शंकरपाळ्याच्या आकारात लावायचे नऊ बॉल आपण पंधराच्या ट्रँगलमध्ये लावायला जातो. एक-दोन-तीन-दोन-एक अशा ओळी. पहिल्या तीन ओळींच्या कडांना ट्रँगलच्या बाजूंचा आधार मिळतो, शेवटच्या दोन ओळी मोकळ्या हवेत. तर्जनी शेवटच्या बॉलमागे, दोन्ही अंगठे चौथ्या ओळीच्या दोन बॉलमागे, आणि तिन्ही ठिकाणी सारखा दाब. एक नंबर टोकाला, नऊ बरोबर मध्ये. टेन बॉल त्या मानानं सोपा, एक-दोन-तीन-चार अशा ओळी, बाजूंचा आधार शेवटपर्यंत, फक्त मागच्या चारांना बोटं लावायची. एक टोकाला, दहा तिसऱ्या ओळीच्या मध्ये.

या सगळ्यातून सुटायचं असेल तर भोकं पाडलेला पातळ प्लॅस्टिकचा कागद मिळतो. बॉल त्याच्या खाचांत आपोआप एकमेकांना चिकटून बसतात, खळग्यांचाही त्रास कमी होतो. ब्रेकनंतर त्यावर बॉल नसले की उचलून ठेवायचा. मी सुरुवातीला नाक मुरडलं होतं, आता वापरतो.

सगळं घट्ट, टॉर्चनं बघितलं तरी फट नाही, आणि ब्रेक तरी मेलेला? मग पांढऱ्या रुमालानं बॉल पुसा. रुमालावर निळसर-करडा डाग आला तर खडूची पूड आणि हातांचं तेल आहे. कोमट पाणी, दोन थेंब सौम्य साबण, मऊ कापडानं कोरडे. टूथपेस्ट नको, ती बारीक घासपेपरच असते. गाडीचं पॉलिशही नको, बॉल निसरडे होतात. जुलै-ऑगस्टमध्ये कापड दमट होऊन टेबल जड होतं, तेव्हा खेळायच्या आधी तासभर पंखा लावून बघा. आणि मग, नाइलाजानं, ब्रेक मारणाऱ्याकडे बघा. पांढरा टोकाच्या बॉलवर बरोबर मध्ये लागत नसेल तर रॅक काय करणार? एट बॉलच्या नियमात, ब्रेकला काही पडलं नाही तर निदान चार बॉल गादीला लागावे लागतात. तेवढं मोजत चला. आमचा आकडा दुरुस्तीआधी दोन-तीन होता, नंतर आठ-नऊ.

नवीन सेट आणि तो प्लॅस्टिकचा कागद आल्यावर वेगळीच तक्रार सुरू झाली. नाइन बॉलचा रॅक इतका घट्ट बसायला लागला की तिसऱ्या ओळीच्या टोकाचा बॉल प्रत्येक ब्रेकला सरळ कोपऱ्याच्या पॉकेटमध्ये. सातवीतला एक मुलगा सलग चार फ्रेम ब्रेकवर ब्रेक मारत जिंकला, तेव्हा मोठ्यांना जाग आली. यावरही उपाय मोठ्या स्पर्धांत आधीच निघालेला आहे: एक नंबरऐवजी नऊ स्पॉटवर ठेवायचा. अख्खा शंकरपाळा दोन ओळी, म्हणजे साधारण ९९ मिलीमीटर पुढे सरकतो, आणि कडेचा बॉल पॉकेटऐवजी त्याच्या अलीकडे लांब गादीला लागतो. आम्ही गेल्या महिन्यापासून तसंच लावतोय. तो मुलगा आता एक नंबर मधल्या पॉकेटमध्ये पाडायच्या मागे आहे.